चाळीस पैशांचं पान

झेरॉक्स हे एका कंपनीचं नाव आहे, हे आपल्याकडे कुणाच्या गावीही नसतं. "दोन झेरॉक्स मार" म्हटलं की काम होतं. पुण्यात, कोल्हापुरात, नागपुरात, कुठल्याही कॉलेजच्या फाटकासमोर चहाची टपरी आणि झेरॉक्सचं दुकान ही जोडी ठरलेली. काचेवर पालथं घातलेलं जाडजूड पुस्तक, झाकण बसत नाही म्हणून त्यावर दाबून धरलेला तळहात, फटीतून सरकत जाणारी प्रकाशाची पट्टी, आणि शिवणीपाशी हमखास काळी येणारी अक्षरं. ओळीच्या टोकाचा शब्द त्या काळोखात गेला की अंदाजाने वाचायचा. माझ्या पिढीतल्या बऱ्याच जणांचं उच्च शिक्षण अशा अंदाजाने वाचलेल्या शब्दांवर झालेलं आहे.

दिल्ली विद्यापीठाच्या नॉर्थ कॅम्पसमध्ये, दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारात असंच एक दुकान होतं, रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस. विद्यापीठानेच परवाना देऊन बसवलेलं. पानाचा दर ठरवून दिलेला, ४० पैसे. ऑगस्ट २०१२ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेस, केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेस आणि टेलर अँड फ्रान्सिस या तीन प्रकाशकांनी दिल्ली उच्च न्यायालयात या दुकानावर आणि विद्यापीठावर दावा लावला. भरपाई मागितली ६० लाख रुपये. चाळीस पैशांनी भागून पाहा, दीड कोटी पानं होतात.

संशोधनात एआय वापरायची तर कॉपीराइटचं काय, हा प्रश्न आज प्रत्येक विद्यापीठाच्या परिषदेत चघळला जातो. भारतापुरतं बोलायचं तर त्याची सुरुवात या दुकानाच्या काउंटरवर झाली असं मी मानतो. त्यामुळे आधी दुकान, मग संगणक.

दुकानात काय चालायचं? प्राध्यापक अभ्यासक्रमाची वाचनयादी काढत. या पुस्तकातलं एक प्रकरण, त्या पुस्तकातली वीस पानं, एखादा जुना शोधनिबंध. यादीतली पुस्तकं ग्रंथालयात एकेक प्रत, विकत घ्यायची तर एकेकाची किंमत महिन्याच्या मेसच्या बिलाएवढी. म्हणून यादीतला नेमका मजकूर एकत्र करून, स्पायरल लावून, त्याचा एक गठ्ठा बनवला जाई. त्याला नाव कोर्स पॅक. प्रकाशकांचं म्हणणं असं की हे गठ्ठे म्हणजे परवानगीविना छापलेली पाठ्यपुस्तकंच आहेत. विद्यापीठाने हक्कांच्या संस्थेकडून परवाना घ्यावा, पैसे भरावेत आणि खुशाल झेरॉक्स काढावेत. ऑक्टोबर २०१२ मध्ये न्यायालयाने दुकानाला मनाई केली आणि कोर्स पॅक बंद पडले.

मग गंमत झाली. विद्यार्थ्यांनी आपली संघटना काढली आणि खटल्यात प्रतिवादी म्हणून आम्हालाही घ्या, असा अर्ज केला. प्राध्यापकांचीही एक संस्था मागोमाग आत आली. देशोदेशींच्या तीनशेहून अधिक अभ्यासकांनी प्रकाशकांना पत्र लिहिलं, की खटला मागे घ्या. सह्या करणाऱ्यांत असेही लेखक होते ज्यांची पुस्तकं दाव्यात नावानिशी नोंदलेली होती. अमर्त्य सेन यांनीही प्रकाशकांना तेच सांगितलं. लेखकाच्या हक्कासाठी म्हणून उभा केलेला दावा, आणि लेखकच पलीकडच्या बाकावर! मला या खटल्यातलं हेच दृश्य सगळ्यात बोलकं वाटतं, आणि पुढे बारा वर्षांनी ते उलट्या बाजूने पुन्हा दिसणार होतं.

१९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ आहे. कुठल्या गोष्टी केल्याने हक्कभंग होत नाही, याची ती लांबलचक जंत्री. तिच्यात एक कलम असं, की शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने शिकवण्याच्या ओघात एखाद्या कृतीची नक्कल केली तर तो हक्कभंग नव्हे. आणखी एक कलम खाजगी वापरासाठी आणि संशोधनासाठी केलेल्या रास्त वापराला मोकळीक देतं. सगळा वाद 'शिकवण्याच्या ओघात' या शब्दांवर येऊन ठेपला. ओघ म्हणजे तासाची घंटा ते तासाची घंटा? की यादी काढल्यापासून परीक्षेचा पेपर लिहीपर्यंत?

१६ सप्टेंबर २०१६ रोजी न्या. राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळला. निकालपत्र वाचण्यासारखं आहे. कॉपीराइट हा काही जन्मसिद्ध, ईश्वरदत्त हक्क नाही, लोकांच्या बौद्धिक भरभराटीसाठी कायद्याने घालून दिलेली ती व्यवस्था आहे, हा त्याचा गाभा. पण मला आवडतो तो त्यातला साधा भाग. न्यायमूर्ती स्वतःचे विद्यार्थिदशेतले दिवस आठवतात, ग्रंथालयात बसून हाताने पानंच्या पानं उतरवून घेण्याचे. मग म्हणतात, हाताने उतरवलं तर गुन्हा नव्हता. मशीनने किंवा फोनच्या कॅमेऱ्याने तेच केलं तर गुन्हा कसा होईल? साधन बदललं एवढ्याने कृत्याची जात बदलत नाही. अपिलात, ९ डिसेंबर २०१६ ला, न्या. प्रदीप नंदराजोग (हे पुढे मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती झाले) आणि न्या. योगेश खन्ना यांच्या खंडपीठाने तत्त्व कायम ठेवलं: शिकवण्याच्या हेतूला जेवढी गरज तेवढी नक्कल रास्त. गठ्ठ्यातला मजकूर खरोखर त्या गरजेपुरताच होता का, एवढं तपासायला त्यांनी खटला खाली परत पाठवला. तो तपास काही झाला नाही. ९ मार्च २०१७ ला तिन्ही प्रकाशकांनी दावाच मागे घेतला.

हा निकाल कॅलिफोर्नियात बसून एक माणूस मन लावून वाचत होता. कार्ल मालमुद. सरकारी कायदे, मानकं, न्यायालयीन कागद जनतेचे आहेत, ते जनतेला फुकट मिळाले पाहिजेत, हे ज्याने आयुष्यभराचं काम मानलं असा खटपट्या माणूस. भारतीय मानक ब्यूरोची हजारो मानकं त्याने इंटरनेटवर टाकली होती आणि त्यावरून दिल्लीच्या न्यायालयात त्याचा वादही चालू होता. ॲरन स्वार्ट्झ हा त्याचा तरुण सहकारी. जेस्टोर या संग्रहातून लाखो शोधनिबंध उतरवून घेतल्याबद्दल अमेरिकेत स्वार्ट्झवर फौजदारी खटला झाला, आणि जानेवारी २०१३ मध्ये, त्याची सुनावणी सुरू होण्याआधीच, सव्विसाव्या वर्षी त्याने आत्महत्या केली. दिल्लीचं निकालपत्र मालमुदच्या हाती पडलं ते या पार्श्वभूमीवर.

त्याच्या डोक्यात जे होतं ते समजायला थोडं मागे, शिकागोला जावं लागेल. तिथल्या विद्यापीठात डॉन स्वॅन्सन नावाचे माहितीशास्त्राचे प्राध्यापक होते. १९८६ मध्ये त्यांनी एक चमत्कारिक उद्योग केला. रेनो नावाचा एक आजार आहे, थंडीत बोटांचं रक्ताभिसरण मंदावून ती पांढरीफटक पडतात. त्याच्यावर लिहिणारे डॉक्टर वेगळे. माशाच्या तेलाने रक्ताचा दाटपणा कमी होतो, असं लिहिणारे आहारशास्त्रज्ञ वेगळे. हे त्यांचं वाचत नव्हते, ते यांचं वाचत नव्हते. स्वॅन्सननी दोन्हीकडचे निबंध शेजारी ठेवले आणि लिहिलं, की माशाच्या तेलाने या रोग्यांना उतार पडायला हवा. स्वॅन्सन डॉक्टर नव्हते, त्यांची प्रयोगशाळा नव्हती. नंतरच्या वैद्यकीय चाचण्यांनी त्यांच्या तर्काला दुजोरा दिला. ज्ञान छापून तयार होतं. दोन्ही कपाटं उघडणारा कुणी नव्हता एवढंच.

आता कपाटं किती आहेत पाहा. माणसाने आयुष्यभर वाचायचं ठरवलं तरी एका विषयाचे निबंध संपत नाहीत. मशीन मात्र वाचू शकतं. पण ते वाचणार काय? निबंध प्रकाशकांच्या कुलपात. एकेक निबंध पैसे भरून वाचता येतो, पण सगळे एकदम मशीनला द्यायचे तर वेगळी परवानगी, वेगळे करार, आणि दर प्रकाशकाशी वेगळी बोलणी. ब्रिटनने २०१४ मध्ये, जपानने २०१८ मध्ये, युरोपीय संघाने २०१९ मध्ये कायद्यात या यांत्रिक वाचनासाठी कमीअधिक मोकळी वाट करून दिली. आपल्या कायद्यात तिचा शब्दही नाही. आहे ते कलम ५२, आणि आता रामेश्वरीचा निकाल.

२०१९ च्या जुलैमध्ये 'नेचर' नियतकालिकाने बातमी दिली, की दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात (जेएनयू) मालमुद आणि तिथल्या काही संशोधकांनी मिळून ५७६ टेराबाइटची एक कोठी उभारली आहे. १८४७ पासून आजपर्यंतचे ७ कोटी ३० लाख शोधनिबंध तिच्यात. अट एकच: कुणी आत जाऊन निबंध वाचायचा नाही, उतरवून घ्यायचा नाही. फक्त संगणकाने त्यावरून फिरायचं आणि हवी ती माहिती वेचून आणायची. वनस्पतींमधून निघणाऱ्या सुगंधी रसायनांची नोंदवही करणाऱ्यांसारखे संशोधक तिच्याकडे वळले. शेतात धान्य पिकवणाऱ्याच्या घरात न शिरता वाऱ्यावर आलेला वास घेण्यासारखं हे, असा मालमुदचा एकूण पवित्रा होता, उपमा माझी.

आणि ती उपमा थोडी लबाड आहे, हेही मीच कबूल करतो. वास घ्यायला धान्य आधी कोठीत आणावं लागलंच. ते कुठून आलं? बातमीत एवढंच होतं, की साय-हब या परवानगीविना निबंध फुकट देणाऱ्या संकेतस्थळावरच्या निबंधांनी भरलेल्या आठ हार्ड डिस्क मालमुदच्या हाती लागल्या होत्या, कशा ते त्याने सांगितलं नाही, आणि कोठीतला माल कुठून आला यावरही तो बोलला नाही. प्रकाशक म्हणाले, मशीन वाचो की माणूस, प्रत आमच्या परवानगीशिवाय झाली. निबंध आत कसा आला आणि आत आल्यावर त्याचं काय केलं, हे दोन प्रश्न इथे पहिल्यांदा एकमेकांपासून सुटे झाले. रामेश्वरीत ते एकच होते, कारण पुस्तक ग्रंथालयाने रीतसर विकत घेतलेलं होतं.

मशीन निबंधातून जे वेचतं ते मुळात कुणाचं असतं, हा तिसरा प्रश्न. त्याचं एक उत्तर मुंबईत मिळतं, आणि ते शंभर वर्षं जुनं आहे.

१९२२ च्या मॅट्रिकला मुंबई विद्यापीठाने प्लूटार्कचं सिकंदरचरित्र नेमलं होतं, सर टॉमस नॉर्थ यांनी केलेलं सोळाव्या शतकातलं इंग्रजी भाषांतर. गिरगावातल्या की माटुंग्यातल्या पोराने ते जुनाट इंग्रजी कसं उलगडलं असेल, हा विचार क्षणभर बाजूला ठेवू. मॅकमिलन कंपनीने त्या भाषांतरातले निवडक उतारे जोडून, टिपा घालून शाळेसाठी आवृत्ती काढलेली होती. मुंबईच्या के. अँड जे. कूपर या प्रकाशकांनीही परीक्षेच्या तोंडावर आपली आवृत्ती काढली. उतारे जवळपास तेच, टिपाही पुष्कळशा त्याच. मॅकमिलनने दावा केला आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं. १९२३ चा निकाल मोठा मासलेवाईक आहे. प्लूटार्क, नॉर्थ आणि सिकंदर कुणाच्या मालकीचे नाहीत. नुसते उतारे कात्री लावून जोडले म्हणून मॅकमिलनचा त्यावर हक्क पोचत नाही. पण टिपांचं तसं नाही. त्या लिहिताना संपादकाने विद्वत्ता आणि कष्ट खर्ची घातलेत, तिथे कूपरने हात घालायला नको होता.

कष्टाला मोल आहे, हे सूत्र त्या निकालाने भारतीय कायद्यात रुजलं आणि पाऊण शतकाहून अधिक काळ टिकलं. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या खटल्यात ते सैल केलं: न्यायालयाचे निकाल सगळ्यांचे, त्यांना नुसतं नेटकं करून छापण्याचे कष्ट पुरेसे नाहीत, त्यात काही कौशल्य, काही निवड, किंचित का होईना सर्जन हवं. त्याआधी १९७८ मध्ये एका नाटक-सिनेमाच्या वादात त्याच न्यायालयाने सांगून ठेवलं होतं, की कल्पनेवर कुणाचा कॉपीराइट नसतो, असतो तो तिच्या मांडणीवर. या तिन्हींचा मेळ घातला तर निबंधातलं तथ्य, आकडा, निष्कर्ष मोकळा. तो सांगणारं वाक्य बांधलेलं. मशीनची पंचाईत अशी, की वाक्य गिळल्याशिवाय आकडा त्याच्या हाती लागत नाही.

मालमुदने यावर एक तोडगा काढला. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याने 'जनरल इंडेक्स' नावाची सूची सर्वांसाठी खुली केली. १० कोटी ७० लाख निबंधांमधले शब्द आणि पाच शब्दांपर्यंतचे तुकडे, ३५५ अब्जांहून जास्त ओळी, उघडून ठेवले तर ३८ टेराबाइट. पाच शब्दांच्या तुकड्यावर कोण मालकी सांगणार? भाकरीचा चुरा करून वाटल्यावर भाकरी चोरली असं कुणाला म्हणता येत नाही. अर्थात चुऱ्याने पोट भरत नाही, हेही खरं. शब्द कुठे आला हे सूची सांगते, वाक्यात तो होकाराने आला की नकाराने ते सांगत नाही.

दरम्यान भारतातले संशोधक निबंध मिळवत होते कुठून, हे उघड गुपित होतं. कझाकस्तानच्या अलेक्झांड्रा एल्बाक्यान हिने २०११ मध्ये साय-हब सुरू केलं. 'सायन्स' नियतकालिकाने २०१६ मध्ये तिच्याकडून सहा महिन्यांच्या नोंदी मिळवल्या. त्यांत २ कोटी ८० लाख डाउनलोड होते आणि भारत चीनच्या खालोखाल दुसरा, सुमारे ३४ लाख. विद्यापीठाच्या ग्रंथालयाला नियतकालिक परवडत नाही, गाईडला निबंध उद्या हवा, मग संशोधक करतो काय? आपल्याकडे यावर तोंडाने कुणी बोलत नसे आणि हात मात्र सगळ्यांचे चालत. डिसेंबर २०२० मध्ये एल्सेव्हियर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी या तिघांनी साय-हब आणि लिबजेन या तशाच दुसऱ्या साठ्यावर दावा लावला तो पुन्हा दिल्ली उच्च न्यायालयातच. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने साय-हब भारतात बंद करायला सांगितलं. त्याच्या काही महिने आधी, २५ नोव्हेंबर २०२४ ला, केंद्र सरकारने 'एक राष्ट्र, एक सदस्यत्व' योजना मंजूर केली होती: तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० नियतकालिकं, ६,३०० संस्था. चाळीस पैशांच्या पानापासून सहा हजार कोटींपर्यंत बारा वर्षांत येऊन पोचलो.

आणि मधल्या काळात, नोव्हेंबर २०२२ मध्ये, चॅटजीपीटी आलं होतं.

ते आल्यावर पहिली गडबड उडाली ती लेखक कोण यावरून. जानेवारी २०२३ मध्येच 'सायन्स' आणि 'नेचर' या दोघांनी बजावलं, की यंत्राला सहलेखक करता येणार नाही. मग अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने परीक्षकांना मना केलं: दुसऱ्याचा संशोधन-प्रस्ताव तपासायला आला तर तो चॅटबॉटमध्ये टाकून सारांश काढायचा नाही, कारण टाकलेला मजकूर पुढे कुठे जातो ते कुणाच्या हातात नाही. आपल्याकडेही प्रबंधासाठी निबंधांची थप्पी यंत्रासमोर टाकून "काय म्हणतात ते सांग" असं विचारणारा विद्यार्थी आता घरोघरी आहे. कलम ५२ च्या संशोधनाच्या सवलतीत तो बसतो का? माझ्या मते बसतो, हाताने टिपणं काढणाऱ्याइतकाच. त्याने फोनवर निबंध वाचला, मशीनला वाचून दाखवला, प्रबंध स्वतः लिहिला. एंडलॉ साहेबांचा हाताने उतरवण्याचा तर्क त्याला तंतोतंत लागू पडतो. तो मजकूर स्वतःकडे ठेवून घेणाऱ्या कंपनीला मात्र हा तर्क लागू पडत नाही. ती शिकवत नाही, शिकत नाही. माल घडवते आणि विकते. झेरॉक्सवाला आणि विद्यार्थी यांना एका पारड्यात घालता आलं, कारण दुकानदाराने पानाचे पैसे घेतले, पुस्तक काही ठेवून घेतलं नाही.

मे २०२४ मध्ये लंडनच्या इन्फॉर्मा कंपनीने भागधारकांना कळवलं, की आपल्या पुस्तकांचा आणि नियतकालिकांचा साठा मायक्रोसॉफ्टला एआयसाठी वापरू देण्याचा करार झाला आहे, पहिली रक्कम १ कोटी डॉलरच्या वर. इन्फॉर्माच्या पोटात टेलर अँड फ्रान्सिस आहे. तीच, रामेश्वरीच्या दाव्यातली तिसरी वादी. लेखकांना हे समजलं बातम्यांमधून, तेही दोन महिन्यांनी. ब्रिटनच्या लेखकसंघटनेने आक्षेप घेतला. ऑक्सफर्डच्या प्रेसनेही एआय कंपन्यांशी बोलणी चालू असल्याचं सांगितलं. केंब्रिजने तेवढं लेखकांना आधी विचारायचं ठरवलं, ज्याची संमती त्याचंच पुस्तक द्यायचं. दिल्लीत चाळीस पैशांच्या पानात लेखकाचा घात दिसलेल्यांना इथे लेखकाला पत्र टाकायची आठवण राहिली नव्हती.

कायद्याने त्यांचं काही चुकलं नाही, आणि खरी मेख तिथेच आहे. शोधनिबंध स्वीकारला गेल्याचा आनंद घेऊन येणाऱ्या ईमेलमध्येच हस्तांतरणाचा फॉर्म जोडलेला असतो. वर्षभर परीक्षकांच्या शेऱ्यांशी झगडून थकलेला, बढतीचे गुण मोजत बसलेला प्राध्यापक तो फॉर्म वाचत नाही. मीही माझ्या एका लेखाच्या वेळी वाचला नव्हता. चौकटीत टिचकी मारली आणि जेवायला गेलो. त्या टिचकीने लेखावरचा माझा हक्क गेला, माध्यम कुठलंही असो, आज असलेलं किंवा उद्या निघणारं. निबंध लिहिल्याचे पैसे लेखकाला नाहीत, तपासल्याचे परीक्षकाला नाहीत. पगार विद्यापीठाचा, म्हणजे बहुतेक वेळा तुमच्या-माझ्या कराचा.

नोव्हेंबर २०२४ मध्ये एएनआय वृत्तसंस्थेने चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीवर दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. मशीनला शिकवण्यासाठी बातम्या वापरल्या, हा आरोप. खटल्यात भारतीय प्रकाशकांचा महासंघही सामील व्हायला आला. वकील दोन्हीकडून रामेश्वरीचा आधार शोधणार, हे सांगायला ज्योतिषी नको. डिसेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या उद्योग खात्याच्या समितीने एक कार्यपत्र मांडलं: एआय कंपन्यांना कायदेशीर मार्गाने मिळालेला मजकूर वापरायची सरसकट मुभा द्यावी, हक्कधारकाला नकाराचा अधिकार नसावा, बदल्यात कमाईतून मानधन द्यावं. बातमी, गाणं, सिनेमा यांच्यापुरतं ठीक वाटतं. शोधनिबंधाचा हक्कधारक मात्र तो फॉर्म छापणारा आहे.

अमेरिकेत पैसे मिळण्याचाही एक नमुना झाला. तिथे काही लेखकांनी अँथ्रॉपिक या एआय कंपनीवर दावा लावला होता. जून २०२५ मध्ये न्या. विल्यम ऑल्सप यांनी निकाल दिला, की पुस्तकांवर मशीनला शिकवणं हा रास्त वापर, पण लिबजेनसारख्या चोरीच्या साठ्यातून पुस्तकं उतरवून जपून ठेवणं हा नव्हे. आत कसं आलं आणि आत काय केलं. जेएनयूच्या कोठीतले तेच दोन प्रश्न, इथे न्यायाधीशाने अधिकृतपणे फोडले. कंपनीने दीड अब्ज डॉलरवर तडजोड केली, पुस्तकामागे सुमारे ३,००० डॉलर, पुस्तकं पाच लाखांच्या आसपास. अट अशी की पुस्तकाची अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयात वेळेत नोंदणी झालेली हवी. आपल्याकडे कॉपीराइटसाठी नोंदणी लागतच नाही. पुण्यातला प्रकाशक वॉशिंग्टनला नाव नोंदवायला कशाला जातो?

मराठीत मजकूर वेचू पाहणाऱ्या संशोधकाला तूर्त एक हिशेब पाठ हवा: लेखकाच्या मृत्यूनंतरच्या जानेवारीपासून साठ वर्षं. साने गुरुजी मोकळे, आंबेडकर मोकळे, मर्ढेकर मोकळे. इरावती कर्वे २०३० संपेपर्यंत बांधलेल्या. यंत्राला निर्धास्तपणे देता येईल असं मराठी म्हणजे त्यामुळे साठ वर्षांपूर्वी वारलेल्यांचं मराठी.

दामोदर धर्मानंद कोसंबी २९ जून १९६६ रोजी पुण्यात गेले. मूळचे गोव्याचे, गणिती, फर्ग्युसनमध्ये शिकवलेले, पुढे डेक्कन क्वीनने मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जाणारे. त्यांनी आहत, म्हणजे ठसे मारलेल्या प्राचीन नाण्यांचा इतिहास तराजूने लावला. नाणं जितके हात बदलतं तितकं झिजतं, म्हणून हजारो नाणी एकेक करून तोलली, वजनातली घट मांडली आणि कुठलं नाणं आधीचं, कुठलं नंतरचं ते संख्याशास्त्राने ठरवलं. स्वॅन्सन किंवा मालमुद यांच्या कितीतरी आधी, यंत्राविना केलेलं हे वेचकाम. त्या वजनांवर कुणाचा हक्क नव्हता आणि नाही. ज्या वाक्यांत त्यांनी ती सांगितली त्यांवर आहे. त्यांच्या हयातीत निघालेल्या पुस्तकांवरचा हक्क ३१ डिसेंबर २०२६ च्या मध्यरात्री संपतो. दुसऱ्या दिवशी शुक्रवार आहे. झेरॉक्सची दुकानं उघडी असतील.